अंदालुसिया : मूर वारसा आणि त्याचे वारस

अंदालुसिया हा स्पेनच्या दक्षिण टोकाचा स्वायत्त प्रदेश. वेल्वा, कादिस, सेविया, कोर्दोबा, मालागा, हाएन, ग्रानादा आणि अल्मेरिया असे त्याचे आठ प्रांत असून क्षेत्रफळ सुमारे ८७ हजार चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला सिएरा मोरेनाची रांग, आग्नेयेला बर्फाच्छादित सिएरा नेवादा आणि मधून वाहणारी ग्वादलकिविर नदी अशी या भूमीची ठेवण आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत आफ्रिकेचा किनारा येथून जेमतेम १४ किलोमीटरवर येतो. एवढे लहान अंतर ओलांडून आलेल्या सत्तेने या प्रदेशाचा मध्ययुगीन इतिहास घडवला.

त्या सत्तेखालील लोकांना युरोपात ‘मूर’ म्हटले गेले. रोमनांनी वायव्य आफ्रिकेतल्या रहिवाशांना दिलेले हे जुने नाव पुढे ख्रिस्ती लेखकांनी द्वीपकल्पातल्या सगळ्याच मुसलमानांना लावले. प्रत्यक्षात या समाजात अरब थोडे होते आणि बर्बर त्यांच्याहून अधिक. दहाव्या शतकापर्यंत मात्र बहुसंख्या झाली ती धर्मांतर केलेल्या स्थानिकांची. मूर वारसा म्हणजे बाहेरून येऊन परत गेलेल्यांची मागे राहिलेली चीजवस्तू, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. हा वारसा मुख्यतः याच भूमीतल्या माणसांनी घडवला, आणि त्यांच्या वंशजांना पुढे येथून हाकलण्यात आले. वास्तू, पाट आणि पिके राखली गेली, पण ती निर्माण करणारा समाज राखला गेला नाही. या प्रदेशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी विसंगती हीच आहे.

इ.स. ७११ मध्ये बर्बर सेनानी तारिक इब्न झियाद सामुद्रधुनी ओलांडून आला. जिब्राल्टर या नावात त्याचेच नाव दडलेले आहे. त्या वेळी द्वीपकल्पावर व्हिसिगॉथ राजांची सत्ता होती. वारसाहक्काच्या भांडणांनी ती पोखरली होती आणि ज्यूंवर लादलेल्या कठोर कायद्यांमुळे तो समाज तिच्यापासून दुरावला होता. राजा रोद्रिगो ग्वादालेतेच्या लढाईत पराभूत झाला. तारिकचा वरिष्ठ, उत्तर आफ्रिकेचा सुभेदार मूसा इब्न नुसैर, पुढच्या वर्षी आणखी फौज घेऊन आला. काही वर्षांतच उत्तरेकडचा डोंगराळ पट्टा वगळता जवळजवळ सारे द्वीपकल्प दमास्कसच्या उमय्यद खलिफांच्या अमलाखाली गेले. इतक्या थोड्या फौजेला हे जमले, कारण अनेक ठिकाणी लढाईऐवजी करार झाले. ७१३ मध्ये आग्नेय भागातल्या थिओदोमिर या सरदाराशी झालेल्या करारात वार्षिक खंडणीच्या बदल्यात जमीन, जीवित आणि धर्म यांची हमी दिलेली आढळते. जिंकलेल्या मुलखाला अल-अंदलुस हे नाव पडले आणि लवकरच कोर्दोबा त्याची राजधानी झाली.

७५० मध्ये अब्बासींनी उमय्यद घराण्याची कत्तल केली. तीतून निसटलेला तरुण राजपुत्र अब्द अल-रहमान ७५५ मध्ये ग्रानादाच्या किनाऱ्यावर, आजच्या अल्मुन्येकारजवळ उतरला आणि पुढच्याच वर्षी कोर्दोब्याचा अमीर झाला. या राज्याचा बगदादशी राजकीय संबंध उरला नाही. अब्द अल-रहमानने ७८५-८६ च्या सुमारास कोर्दोब्याची मोठी मशीद उभारायला घेतली. अंदालुसियाचा सगळा इतिहास जणू या एकाच इमारतीत थरांनी साठलेला आहे, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

पहिल्या बांधकामात रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले खांब वापरले गेले. ते वेगवेगळ्या उंचीचे आणि छतासाठी आखूड होते. कारागिरांनी एकावर एक अशा दुहेरी कमानी उभारल्या. खालची कमान घोड्याच्या नालेच्या आकाराची आणि मोकळी, वरची अर्धवर्तुळाकार आणि छताचा भार पेलणारी. तांबडी वीट आणि फिकट दगड आलटून पालटून बसवल्यामुळे पट्ट्यापट्ट्यांचा विलक्षण परिणाम साधला. दोन मजली कमानीची कल्पना मेरिदा येथील रोमन जलसेतूवरून सुचली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकात अब्द अल-रहमान दुसरा, दहाव्या शतकात अल-हकम दुसरा आणि अखेरीस वजीर अल-मन्सूर यांनी मशीद वाढवत नेली. आज तिच्यात ८५६ खांब उभे आहेत. अल-हकमने केलेल्या मिहराबावरचे सोनेरी कुट्टिमचित्र बायझंटाइन कारागिरीचे आहे. त्यासाठी लागणारे काचेचे तुकडे आणि कारागीर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने पाठवल्याचे अरब इतिहासकार नोंदवतात. रोमन खांब, स्थानिक कमान, बायझंटाइन सोने आणि अरबी अक्षरे एकाच छताखाली आली आणि तरीही इमारत विजोड झाली नाही. त्या काळाच्या कर्तृत्वाची यापेक्षा चांगली साक्ष शोधायची गरज नाही.

१२३६ मध्ये कास्तील या उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्याचा राजा फर्नांदो तिसरा याने शहर जिंकले आणि मशिदीचे कॅथीड्रल झाले. पहिली जवळजवळ तीन शतके इमारतीला फारसा धक्का लागला नाही. १५२३ मध्ये धर्मपीठाने मधले खांब पाडून तेथे उंच गाभारा बांधायचे ठरवले, तेव्हा खुद्द ख्रिस्ती नगरपालिकेने विरोध केला. पाडकाम करणाऱ्या गवंड्यांना देहदंडाची धमकी देणारा हुकूम तिने काढला, तर बिशपने नगराधिकाऱ्याला धर्मबहिष्कृत केले. वाद सम्राट कार्लोस पाचवा याच्यापर्यंत गेला आणि त्याने धर्मपीठाच्या बाजूने निर्णय दिला. नंतर प्रत्यक्ष इमारत पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण नगरपालिकेचा विरोध ही आख्यायिका नव्हे, इतिहास आहे. कोर्दोब्याच्या ख्रिस्ती नागरिकांनी ही मशीद तेव्हाच आपली मानली होती.

आता पुन्हा दहाव्या शतकाकडे वळू. ९२९ मध्ये अब्द अल-रहमान तिसरा याने स्वतःला खलिफा घोषित केले. ९३६ च्या सुमारास त्याने शहराच्या पश्चिमेला मदीनात अल-झहरा ही राजनगरी वसवायला सुरुवात केली. डोंगरउतारावर तीन पायऱ्यांत रचलेली ही नगरी पाऊण शतकही टिकली नाही. १०१० च्या सुमारास यादवी युद्धात ती लुटली गेली आणि पुढे शतकानुशतके तिचे दगड इतर बांधकामांसाठी वाहून नेण्यात आले. १९११ मध्ये उत्खनन सुरू झाले. आजवर नगरीचा सुमारे दहावा भागच उघडा झाला आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

खिलाफतीच्या काळातले कोर्दोबा पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे शहर होते, याबद्दल दुमत नाही. अल-हकम दुसरा याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ असल्याचा जुन्या लेखकांचा आकडा अतिशयोक्त असेल, पण त्या ग्रंथालयाची कीर्ती खरी होती. शल्यचिकित्सक अल-झहरावी याने तीस भागांचा वैद्यक कोश रचला. त्यातला शस्त्रक्रियेचा भाग सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्यांसह बाराव्या शतकात तोलेदोत लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या वैद्यशाळांत शतकानुशतके वाचला गेला. मस्लमा अल-मजरीती याने बगदादच्या अल-ख्वारिझ्मीची ग्रहगणिताची कोष्टके कोर्दोब्याच्या रेखांशानुसार सुधारली. त्या कोष्टकांच्या मुळाशी ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले भारतीय गणित होते. मूळ अरबी ग्रंथ हरवला आणि कोर्दोब्यात झालेली सुधारित आवृत्तीच लॅटिन भाषांतरातून उरली. अल्मेरियात जन्मलेला आणि तोलेदोत काझी झालेला साइद अल-अंदलुसी याने १०६८ मध्ये जगातल्या विद्यावान राष्ट्रांचा इतिहास लिहिला. त्यात विज्ञानाची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांत त्याने पहिला मान भारताला दिला आहे. अकराव्या शतकातल्या युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला बसून एका काझीने भारतीय अंकगणिताचे कौतुक करावे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा समाज सहिष्णू होता का, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. ख्रिस्ती आणि ज्यू यांना जिझिया कर भरून आपला धर्म, न्यायव्यवस्था आणि मालमत्ता सांभाळता येई. मात्र त्यांचा दर्जा दुय्यम असे, आणि इस्लामवर जाहीर टीका केल्यास देहदंड होई. ८५० ते ८५९ या काळात कोर्दोब्यात सुमारे पन्नास ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी जाणूनबुजून असा मृत्यू ओढवून घेतला. उमर इब्न हफ्सून या धर्मांतरित घराण्यातल्या बंडखोराने मालागाच्या डोंगरात बोबास्त्रोचा किल्ला धरून कोर्दोब्याला चार दशके आव्हान दिले आणि मध्येच तो ख्रिस्तीही झाला. ज्यूंच्या बाबतीत दोन्ही टोके दिसतात. हस्दाई इब्न शप्रूत हा अब्द अल-रहमान तिसऱ्याचा वैद्य आणि परराष्ट्र व्यवहारातला विश्वासू सल्लागार झाला. अकराव्या शतकात श्मुएल हा-नागीद हा हिब्रू कवी ग्रानादाचा वजीर होता. त्याचा मुलगा योसेफ मात्र १०६६ मध्ये जमावाकडून मारला गेला आणि त्याच दंगलीत शहरातल्या ज्यूंचे शिरकाण झाले. समकालीन युरोपच्या तुलनेत अल-अंदलुसमध्ये वेगळ्या धर्माच्या माणसाला अधिक जागा होती हे खरे. पण ती जागा राजाच्या मर्जीवर आणि काळाच्या स्थैर्यावर अवलंबून होती.

१०३१ मध्ये खिलाफत संपली आणि तिच्या जागी तैफा नावाची लहान लहान राज्ये आली. राजकीय दृष्ट्या हा ऱ्हास होता, काव्य आणि विद्येच्या दृष्टीने बहर. सेवियाचा राजा अल-मुतमिद स्वतः उत्तम कवी होता. १०८५ मध्ये तोलेदो कास्तीलच्या हाती पडल्यावर त्याने मोरोक्कोच्या अल-मुराबितांना मदतीला बोलावले. त्यांनी १०८६ मध्ये झल्लाकाच्या लढाईत ख्रिस्ती फौजेला रोखले आणि काही वर्षांत खुद्द अल-मुतमिदलाच पदच्युत केले. मोरोक्कोतल्या अग्मात येथे बंदिवासात १०९५ मध्ये तो वारला. बाराव्या शतकाच्या मध्याला मोरोक्कोच्याच अल-मुवह्हिदांनी अल-मुराबितांची जागा घेतली आणि सेविया ही अंदालुसियातली राजधानी केली. धर्माच्या बाबतीत ते अधिक कडवे होते. त्यांच्या आगमनानंतर कोर्दोब्यात जन्मलेल्या मैमोनिदेसच्या कुटुंबाला शहर सोडावे लागले, आणि हा महान ज्यू तत्त्वज्ञ अखेर इजिप्तमध्ये स्थिरावला. दुसरीकडे त्याच राजवटीच्या आश्रयाने तत्त्वज्ञ इब्न रुश्दने अरिस्टॉटलवरची भाष्ये लिहिली. पुढे तोही काही काळ मर्जीतून उतरला आणि ११९८ मध्ये मराकेशला वारला. त्याच वर्षी सेवियाच्या मशिदीचा भव्य मिनार पूर्ण झाला. या मिनाराला पायऱ्या नाहीत, आतून चढत जाणारा उतार आहे. मशीद पाडून तेथे कॅथीड्रल बांधले तरी मिनार राखला गेला. सोळाव्या शतकात त्यावर घंटाघर चढवण्यात आले आणि खिराल्दा या नावाने तो सेवियाची खूण बनला.

१२१२ मधल्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईने अल-मुवह्हिदांची सत्ता मोडली. १२३६ ला कोर्दोबा, १२४६ ला हाएन आणि १२४८ ला सेविया पडले. १२६४ मध्ये ग्वादलकिविरच्या खोऱ्यातल्या मुसलमान रयतेने उठाव केला, तो मोडल्यावर बहुतेकांना तेथून बाहेर काढण्यात आले. म्हणजे पश्चिम अंदालुसियातली मुस्लिम वस्ती ग्रानादाच्या १४९२ मधल्या पाडावाच्या दोन शतके आधीच विरळ झाली होती. १२६४ ची ही तारीख लोकप्रिय लेखनात सहसा येत नाही, पण तिच्यावाचून पश्चिम आणि पूर्व अंदालुसियातला फरक कळत नाही. असे असूनही कला थांबली नाही. सेवियात कास्तीलच्या पेद्रो पहिल्याने १३६४ पासून बांधलेला अल्कासारचा राजवाडा मुस्लिम शैलीचा आहे. त्यासाठी तोलेदोचे कारागीर आले, तसेच पेद्रोचा मित्र आणि ग्रानादाचा सुलतान मुहम्मद पाचवा याने पाठवलेलेही आले. त्याच्या भिंतींवरच्या अरबी लेखांत या ख्रिस्ती राजाचा उल्लेख ‘सुलतान’ असा आहे. ख्रिस्ती धन्यासाठी मुस्लिम शैलीत बांधण्याच्या या प्रकाराला मुदेखार म्हणतात. त्याचे नमुने अंदालुसियाच्या गावोगावच्या चर्चमध्ये, विशेषतः विटांच्या मनोऱ्यांत आणि लाकडी छतांत दिसतात.

ग्रानादाचे नस्री राज्य १२३८ मध्ये सुरू झाले आणि अडीचशे वर्षे टिकले. संस्थापक मुहम्मद पहिला कास्तीलचा मांडलिक होता. सेवियाच्या वेढ्यात त्याने ख्रिस्ती राजाच्या बाजूने फौजही पाठवली. डोंगरांचे संरक्षण, रेशमाचा व्यापार, मोरोक्कोशी आणि कास्तीलशी आळीपाळीने केलेली मैत्री यांवर हे राज्य तगून राहिले. अल्हाम्ब्रा ही त्याचीच निर्मिती. या तटबंद राजनगरीतले प्रसिद्ध महाल मुख्यतः चौदाव्या शतकातले आहेत. कोमारेस मनोरा युसुफ पहिल्याचा, सिंहांचा चौक मुहम्मद पाचव्याचा. साहित्य साधे आहे : गिलावा, लाकूड, वीट, रंगीत चकाकीच्या फरश्या. त्यांच्यातून कारागिरांनी भूमितीचे अथांग नक्षीकाम आणि मधाच्या पोळ्यासारखी मुकर्नास छते घडवली. कोमारेसच्या दरबारी दालनाचे छत आठ हजारांहून अधिक लाकडी तुकड्यांचे आहे आणि ते सात स्वर्गांचे प्रतीक मानले जाते. अल्लाहखेरीज विजेता कोणी नाही, हे नस्रींचे घोषवाक्य भिंतींवर असंख्य वेळा कोरलेले आहे. इब्न झम्रक या वजीर-कवीच्या ओळी कारंज्यावर आणि दालनांतून वाचता येतात, इतक्या की अल्हाम्ब्राला भिंतींवर छापलेला काव्यसंग्रह म्हणणे वावगे ठरणार नाही. या सगळ्यामागे पाणी आहे. दारो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून राजपाटाने टेकडीवर आणले गेले. तो पाट नसता तर खेनेरालिफेची बाग, हम्माम आणि बारा सिंहांचे कारंजे यांतले काहीच शक्य नव्हते.

कास्तील आणि ग्रानादा यांच्यात १४८२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात रोंदा, मालागा, अल्मेरिया एकामागून एक पडले. मालागाने कडवा प्रतिकार केला म्हणून १४८७ मध्ये तेथल्या बहुतेक रहिवाशांना गुलाम करण्यात आले. २ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्ला, म्हणजेच बोआब्दिल, याने ग्रानादा इसाबेल आणि फर्नांदो या राजदांपत्याच्या हवाली केले. त्याच्या बापाचे, मुले हसनचे, नाव आजही सिएरा नेवादाच्या ३,४७९ मीटर उंचीच्या मुलासेन शिखराला आहे. शरणागतीच्या करारात धर्म, मशिदी, कायदा, भाषा आणि पोशाख यांची स्पष्ट हमी होती. ज्यूंची हकालपट्टी करणारा हुकूम मात्र त्याच वर्षी ३१ मार्चला अल्हाम्ब्रातूनच निघाला.

मुसलमानांना दिलेली हमी आठ वर्षेही टिकली नाही. पहिला आर्चबिशप तालावेरा मन वळवण्यावर भर देई. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी असा त्याचा आग्रह होता. १४९९ मध्ये आलेल्या आणि पुढे कार्डिनल झालेल्या सिस्नेरोसने सक्तीची धर्मांतरे सुरू केली. ग्रानादाच्या बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली, फक्त वैद्यकाचे ग्रंथ वगळण्यात आले. अल्बायसिन मोहल्ल्यात उठाव झाला, आणि तेच निमित्त करून राज्याने करार रद्द मानला. १५०२ मध्ये बाप्तिस्मा किंवा देशत्याग असे दोनच पर्याय कास्तीलच्या मुसलमानांपुढे ठेवले गेले. धर्मांतर केलेल्यांना मोरिस्को म्हणत. १५२६ मध्ये मोठी रक्कम भरून त्यांनी आपल्या चालीरीतींवरची बंदी लांबणीवर टाकून घेतली. त्यांच्याकडून घेतलेल्या पैशातूनच अल्हाम्ब्राच्या आवारात कार्लोस पाचव्याचा राजवाडा उभा राहू लागला.

१५६७ मध्ये राजा फेलिपे दुसरा याने अरबी भाषा, पोशाख, हम्माम आणि सणसमारंभ यांवर बंदी घातली. फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वयोवृद्ध मोरिस्को सरदाराने बंदीविरुद्ध निवेदन लिहिले. भाषा आणि पोशाख हा धर्म नव्हे, प्रांताप्रांताची रीत आहे, पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात, असा त्याचा युक्तिवाद होता. सोळाव्या शतकातला हा लेख आजही ताकदीचा वाटतो. तो ऐकला गेला नाही. द्वीपकल्पात रुजलेली हीच विचारसरणी पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही पोचली. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि १७३६ च्या हुकुमाने नवख्रिस्त्यांच्या पोशाखापासून लग्नविधींपर्यंत अनेक रीतींवर बंदी आली.

१५६८ च्या नाताळात अल्पुहारा डोंगरात बंड पेटले. आबेन उमेया हे नाव घेतलेल्या फर्नांदो दे वालोरला बंडवाल्यांनी राजा केले. दोन्ही बाजूंनी भयंकर क्रौर्य झाले. दोन वर्षांनी बंड मोडले, आणि ग्रानादा राज्यातल्या सुमारे ८० हजार मोरिस्कोंना कास्तीलभर विखरून टाकण्यात आले. कडाक्याच्या थंडीतल्या त्या वाटचालीत असंख्य माणसे मेली. १६०९ ते १६१४ दरम्यान स्पेनमधल्या सगळ्याच मोरिस्कोंना हद्दपार केले गेले. त्यांची संख्या तीन लाखांच्या घरात होती. ते तेतुआन, राबात, ट्युनिस अशा शहरांत वसले. काही जण मागे राहिले, नावे बदलून मिसळून गेले. १७२७ मध्येही ग्रानादात गुप्तपणे इस्लाम पाळणाऱ्या कुटुंबांवर इन्क्विझिशनने खटले चालवले.

या अखेरच्या काळातला एक प्रसंग फार बोलका आहे. १५९५ पासून ग्रानादाच्या साक्रोमोंते टेकडीवर शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले अरबी लेख सापडू लागले. ते पहिल्या शतकातल्या अरब ख्रिस्ती संतांचे आहेत, असा दावा होता. त्यांतला ख्रिस्ती धर्म इस्लामला न दुखावणारा होता. हे लेख बनावट होते, आणि त्यांचे भाषांतर करणारे आलोन्सो देल कास्तियो व मिगेल दे लुना हे दोन मोरिस्को विद्वानच त्यांचे कर्ते असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. पोपने १६८२ मध्ये त्यांचा निषेध केला. २००० मध्ये ते पत्रे व्हॅटिकनमधून ग्रानादाला परत आले. अरबी बोलूनही या भूमीचे मूळचे ख्रिस्ती ठरता यावे, यासाठी केलेला तो अखेरचा हताश प्रयत्न होता.

या वारशाचा सर्वांत जिवंत भाग राजवाड्यांत नाही, शेतांत आहे, आणि पर्यटकांना तोच सर्वांत कमी दिसतो. ऊस, भात, कापूस, वांगे, आंबट संत्रे, पालक ही पिके भारत, इराण आणि अरब प्रदेश असा प्रवास करत येथे रुजली. ती बहुतेक उन्हाळ्यात पाणी मागणारी पिके. भूमध्य हवामानात उन्हाळा कोरडा, म्हणून त्यांच्या आधी पाणी खेळवणे भाग होते. बंधारे, पाट, रहाट आणि साठवणीची टाकी यांचे जाळे अंदालुसी शेतकऱ्यांनी विणले. सेवियाच्या इब्न अल-अव्वामने बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला कृषिग्रंथ जमिनीचा पोत, कलमे, खते यांची तपशीलवार माहिती देतो. या बदलाला इतिहासकार अँड्र्यू वॉटसन याने १९७४ मध्ये कृषिक्रांती म्हटले. काही पिके व तंत्रे रोमन काळातही होती, असा त्यावर आक्षेप आहे आणि तो अंशतः रास्त आहे. परंतु विखुरलेल्या गोष्टींची एक व्यवस्था बनवणे, पाण्याच्या पाळ्या ठरवणे आणि ती व्यवस्था गावाने चालवणे हे नवे होते.

सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर, अल्पुहाराच्या गावांत, ही व्यवस्था अजून चालते. तेथे दोन तऱ्हेचे पाट आहेत. एक थेट शेताला पाणी देणारे. दुसरे ‘कारेओ’ पाट, जे बर्फ वितळू लागल्यावर ते पाणी उंचावरच्या सच्छिद्र उतारांत जाणूनबुजून मुरवतात. मुरलेले पाणी डोंगराच्या पोटातून हळूहळू खाली झिरपते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, गावाजवळच्या झऱ्यांतून बाहेर येते. धरण नाही, पंप नाही, आणि वाटेत कुरणे व झाडेही जगतात. १५७० नंतर ओस पडलेल्या गावांत गॅलिसिया, लेओन, कास्तील इत्यादी भागांतून सुमारे साडेबारा हजार कुटुंबे आणून वसवली गेली. या नव्या लोकांना पाटांची माहिती नव्हती. जमिनींच्या हद्दी, झाडे आणि पाण्याच्या पाळ्या नोंदवण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांना मोरिस्को जाणकारांचीच साक्ष घ्यावी लागली, आणि त्या नोंदवह्या आजही दफ्तरखान्यांत आहेत. प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे मुद्दाम ठेवली होती, असे स्थानिक परंपरा सांगते. विसाव्या शतकात तरुण शहरांकडे गेले, पाटकरी थकले आणि अनेक पाट बुजले. २०१४ पासून ग्रानादा विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी कान्यारसारख्या गावांत शेतकरी आणि स्वयंसेवक यांना घेऊन बुजलेले पाट पुन्हा वाहते केले आहेत.

इतर खुणा सगळीकडे विखुरलेल्या आहेत. हाएनचे अकराव्या शतकातले हम्माम, अल्मेरियाचा बालेकिल्ला, ग्रानादातली व्यापाऱ्यांची धर्मशाळा कोराल देल कार्बोन, आणि वेल्वाच्या डोंगरातल्या अल्मोनास्तेर ला रेआल गावची दहाव्या शतकातली छोटी मशीद यांचा येथे नुसता उल्लेख करता येतो. अल्पुहाराची सपाट मातीच्या छपरांची घरे मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातल्या घरांशी जवळचे नाते दाखवतात. स्पॅनिशमध्ये साधित शब्द धरून सुमारे चार हजार शब्द अरबी मुळाचे मानले जातात. बांधकाम, पाणी, कर आणि स्वयंपाक या क्षेत्रांत ते दाट आहेत. अंदालुसी दरबारी संगीत मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिसियात निर्वासितांबरोबर गेले आणि तेथेच टिकले.

मात्र सगळेच मुरांच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. हाएनच्या अफाट ऑलिव्ह बागांची परंपरा रोमन काळापर्यंत मागे जाते. घराच्या मधल्या चौकाची कल्पनाही रोमन घरांत होतीच. गोड संत्रे पोर्तुगीज व्यापारामुळे नंतर पसरले. फ्लामेंको अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जिप्सी समाजात आकाराला आले आणि त्यावरचा मूर प्रभाव सिद्ध करणे कठीण आहे.

या वारशाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत आली. १८२९ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग काही काळ अल्हाम्ब्रातच राहिला. १८३२ च्या त्याच्या कथासंग्रहाने ही पडकी वास्तू जगप्रसिद्ध केली आणि तिच्यावर पौर्वात्य स्वप्नाचा रंगही चढवला. दुरुस्ती करणाऱ्यांनी सिंहांच्या चौकातल्या एका मंडपावर तेथे कधीच नसलेला रंगीत घुमट बसवला. १९२३ पासून अल्हाम्ब्राचे जतन पाहणारे वास्तुविशारद लेओपोल्दो तोरेस बाल्बास यांनी १९३४ मध्ये तो लोकांचा रोष पत्करून उतरवला. पुरावा असेल तेवढेच राखायचे, ही त्यांची शिस्त आजच्या अल्हाम्ब्राला वाचवणारी ठरली. अंदालुसी अस्मितेचे प्रवर्तक ब्लास इन्फान्ते यांनी अल-अंदलुसला प्रादेशिक स्वाभिमानाचा आधार मानले. १९२४ मध्ये ते अल-मुतमिदच्या कबरीच्या दर्शनाला अग्मातला गेले. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, फ्रँकोच्या बाजूच्या बंडखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांनी पुढे आणलेला हिरवा-पांढरा ध्वज आज अंदालुसियाचा अधिकृत ध्वज आहे.

यादवी युद्धानंतर परदेशात राहिलेल्या दोन इतिहासकारांत याच प्रश्नावर मोठा वाद झाला. आमेरिको कास्त्रो यांनी १९४८ मध्ये मांडले की मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती यांच्या सहजीवनातूनच स्पॅनिश समाज घडला. क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांनी १९५६ मध्ये उत्तर दिले की स्पेनचे मूळ रोमन-गॉथिक आहे आणि इस्लामने त्यात अडथळा आणला. पुढच्या पिढीने दोघांच्याही ‘मूळ स्वभाव’ शोधण्याच्या पद्धतीवर टीका केली आणि पुरातत्त्व, कराच्या नोंदी, खेड्यांची रचना यांकडे मोर्चा वळवला. कास्त्रोंचे सहजीवन जरा जास्तच सुंदर होते, पण अडथळ्याची कल्पना तर कोर्दोब्याच्या पहिल्याच कमानीपाशी कोलमडते.

वर्तमानात हा वाद कायदा आणि मालकीचा झाला आहे. २००६ मध्ये कोर्दोब्याच्या धर्मपीठाने मशीद-कॅथीड्रल ३० युरो शुल्क भरून स्वतःच्या नावे नोंदवले. ही वास्तू सार्वजनिक मालकीची असावी, अशी मागणी नागरिकांच्या गटांनी लावून धरली आहे. मुसलमानांना तेथे नमाज पढायला परवानगी नाही. ग्रानादात दरवर्षी २ जानेवारीला शहर जिंकल्याचा सोहळा होतो आणि त्याच चौकात त्याविरुद्ध निदर्शनेही होतात. अल्बायसिनमध्ये २००३ साली नवी मशीद उघडली. १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा स्पेनने २०१५ मध्ये केला. मोरिस्कोंच्या वंशजांनीही तशीच मागणी केली आहे, पण त्यांच्यासाठी असा कायदा झालेला नाही.